लेसरने चष्म्याचा नंबर घालवायचाय? शस्त्रक्रिया, खर्च आणि पैशांची सोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नेत्र-रुग्णालयात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधी पेशंट माझ्यासमोर बसतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "किती खर्च येईल?" हा असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर तपासणीनंतरच देता येतं. म्हणून या पानावर मी आधी डोळ्याचं सांगतो आणि मग पैशांचं. घाईत असाल तर निदान तपासणीचा भाग वाचाच. तो नीट कळला की जाहिरातींना भुलायची वेळ येत नाही.

लेसरने डोळ्यात नेमकं काय करतात?

बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण ५२० ते ५५० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात), त्यातली ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाची. त्यामुळे त्याचा आकार किंचित बदलला तरी चष्म्याचा नंबर बदलतो.

मायनस नंबर असलेल्यांमध्ये प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, अलीकडेच तयार होते. तिथे लेसरने कॉर्नियाचा मधला भाग थोडा सपाट करतात. प्लस नंबरात उलट, कडेचा भाग कमी करून मध्य उंचावतात. सिलिंड्रिकल नंबरात एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी घासतात. चष्म्याच्या काचेत जो आकार असतो, तोच कॉर्नियावर उतरवायचा, एवढं हे काम आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: काढलेला भाग परत वाढत नाही. वरची पातळ त्वचा, म्हणजे एपिथेलियम, काही दिवसांत भरून येते. तिच्याखालचा कॉर्नियाचा मुख्य जाड थर, म्हणजे स्ट्रोमा, येत नाही. पुढची बहुतेक उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत.

लेसर म्हणजे डोळा भाजतो का?

नाही. लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत वापरतात तो एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील प्रकाशाचा असतो. तो पेशींमधले रेणूंचे बंध तोडतो आणि तेवढाच थर उडून जातो. शेजारच्या भागाला जवळपास उष्णता लागत नाही.

हा गुण १९८१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत लक्षात आला. मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा आणून त्यावर हा लेसर मारला, तेव्हा कडा न जळता स्वच्छ खाच पडली. सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन हे त्यांचे सहकारी. पुढे १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत तो कॉर्नियावर वापरून पाहिला, आणि तिथून आजच्या शस्त्रक्रियेची वाट निघाली.

पीआरके, लॅसिक, फेम्टो, स्माइल, कॉन्टूरा... यांत फरक काय?

नावं बरीच आहेत, पण मार्ग तीनच. स्ट्रोमापर्यंत कसं पोहोचायचं, एवढाच प्रश्न असतो.

पहिला मार्ग वरून जाण्याचा. पीआरकेमध्ये एपिथेलियम अलगद काढतात आणि थेट लेसर मारतात. मग वर पट्टीसारखी एक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात, ती तीन ते पाच दिवसांनी काढतात. हे दिवस त्रासाचे असतात. पाणी येतं, खुपतं, उजेड सहन होत नाही. नजर पूर्ण बसायला काही आठवडे लागतात. पण यात फ्लॅप नसतो, त्यामुळे पातळ कॉर्नियाच्या आणि धक्काबुक्कीचे खेळ खेळणाऱ्या पेशंटसाठी हाच मार्ग बऱ्याचदा योग्य ठरतो. कुस्ती किंवा कबड्डी खेळत असाल तर हे आपणहून सांगा, कारण तपासणीच्या फॉर्मवर हा प्रश्न असतोच असं नाही.

दुसरा मार्ग झडप उघडून जाण्याचा, म्हणजे लॅसिक. कॉर्नियाचा साधारण १०० ते ११० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, एका बाजूला जोडलेला ठेवून उचलतात. आत लेसर मारतात आणि फ्लॅप पुन्हा जागेवर बसवतात. टाके लागत नाहीत. फ्लॅप ब्लेडने कापला तर साधं लॅसिक, फेम्टोसेकंद लेसरने कापला तर फेम्टो लॅसिक, ज्याला जाहिरातीत 'ब्लेडलेस' म्हणतात. ब्लेडने केलेल्या फ्लॅपची जाडी थोडी कमी-जास्त होऊ शकते, फेम्टोची जास्त एकसारखी येते. कॉन्टूरा हा लॅसिकचाच प्रकार. त्यात कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा घेऊन त्याप्रमाणे लेसर चालवतात.

तिसरा मार्ग आतल्या आत काम करण्याचा. स्माइलमध्ये फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या पोटात एक पातळ चकती आखतो आणि डॉक्टर ती दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर ओढतात. फ्लॅप नाही, त्यामुळे फ्लॅप हलण्याची भीती नाही. वरच्या भागातल्या नसाही कमी कापल्या जातात. हीच पद्धत दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवर सिल्क वगैरे नावांनी येते. प्लस नंबरासाठी मात्र लॅसिक किंवा पीआरकेचीच वाट जास्त रुळलेली आहे.

मग सगळ्यात चांगली कोणती?

तुमच्या कॉर्नियाला झेपेल ती. योग्य डोळा निवडला तर तिन्ही मार्गांनी महिन्या-तीन महिन्यांनंतर दिसतं जवळपास सारखंच. महाग यंत्राने अयोग्य डोळा योग्य होत नाही. हे मी रोज सांगतो आणि रोज कुणीतरी नाराज होऊन जातं, तरी सांगणं थांबवणार नाही.

तपासणीत काय बघतात? अर्ध्या तासात होते का?

नाही. नीट तपासणीला दोन-तीन तास द्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवत येऊ नका, कुणाला तरी बरोबर आणा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधीपासून बंद हवी. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकीचा येतो.

सगळ्यात महत्त्वाचा हा नकाशाच. पेंटाकॅमसारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून काही सेकंद टक लावून बसायचं, की रंगीत कागद हातात येतो. निळा-हिरवा भाग सपाट, तांबडा-केशरी भाग उभार. तांबडा भाग खालच्या बाजूला एकवटलेला दिसला आणि मागच्या पृष्ठभागाचा उभारही तिथेच आला, तर केराटोकोनसची शंका येते. या आजारात कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. तिथे लेसर नाही म्हणजे नाहीच. ॲलर्जीमुळे लहानपणापासून डोळे चोळणाऱ्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं. नंबर घालवायला आलेल्या मुलाला सी३आरचा, म्हणजे कॉर्निया घट्ट करण्याच्या उपचाराचा, सल्ला घेऊन जावं लागतं, तेव्हा घरच्यांचा चेहरा पडतो. खरं तर वेळेत सापडलं म्हणून नजर वाचते.

याच कागदावर 'सर्वात पातळ जागा' असा आकडा असतो. तो घेऊन बसा, हिशेब तुम्हीही करू शकता. साडेसहा मिलिमीटरच्या भागावर लेसर करताना एका डायॉप्टरला साधारण १४ मायक्रॉन जातात. समजा नंबर मायनस ५ आणि जाडी ५४०. फ्लॅप ११०, लेसरने ७०. फ्लॅपखाली ३६० उरले. ही उत्तम परिस्थिती. आता नंबर मायनस ९ आणि जाडी ५००. फ्लॅप ११०, लेसरने १२६. उरले २६४. किमान २५० ठेवायचे असा जुना दंडक आहे आणि आता बरेच सर्जन २८० ते ३०० च्या खाली जात नाहीत. शिवाय फ्लॅप आणि लेसर मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांहून जास्त भाग गेला, तर पुढे कॉर्निया फुगण्याचा धोका वाढतो. पहिल्या पेशंटचे ३३ टक्के जातात, दुसऱ्याचे ४७. हा दुसरा पेशंट लॅसिकचा नाही, मग त्याला कितीही सवलत मिळत असो.

सर्जन हा हिशेब तुमच्या नेमक्या आकड्यांवर आणि त्यांच्या यंत्राप्रमाणे करतात. तुम्ही फक्त एक विचारा: "फ्लॅपखाली किती उरणार?" उत्तर आकड्यात मिळालं पाहिजे. "काळजी करू नका" हे त्याचं उत्तर नव्हे.

याखेरीज अश्रूंची तपासणी, अंधारात बाहुली किती मोठी होते त्याचं माप, डोळ्यातला दाब आणि मागच्या पडद्याची तपासणी होते. मोठ्या मायनस नंबरात डोळा लांबट असतो आणि पडदा कडेला पातळ होऊन छिद्रं पडू शकतात. ती सापडली तर आधी त्यांचा उपचार. लेसरने नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते. म्हणून पुढेही डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले, चमक दिसली किंवा पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

वय किती हवं?

१८ पूर्ण, आणि वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त न बदललेला. बारावीनंतर सुट्टीत उरकून टाकू म्हणून येणारे पालक बरेच. पण त्या वयात नंबर अजून वाढत असतो. मागच्या दोन वर्षांचे चष्म्याचे कागद घेऊन या. नंबर स्थिर नसेल तर थांबा, डोळा कुठे जात नाही. चाळिशीनंतरही लेसर करता येतं, पण त्याचा वेगळा विचार लागतो, तो पुढे दिला आहे.

कुणी करू नये?

केराटोकोनस किंवा त्याची शंका असणाऱ्यांनी अजिबात नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबायचं, कारण या काळात नंबर आणि कॉर्निया दोन्ही बदलतात. डोळे फार कोरडे असतील तर आधी कोरडेपणाचा उपचार. संधिवातासारखे आजार, मधुमेह, मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइनची गोळी, हे सगळं डॉक्टरांना सांगा. मुरुमांच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असं वाटून मुलं-मुली हे हमखास सांगत नाहीत. त्या गोळीने डोळे कोरडे पडतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी काय होतं? दुखतं का? मी हललो तर?

इंजेक्शन नाही, पूर्ण भूल नाही. फक्त बधिर करणारे थेंब. तुम्ही आडवे झोपता आणि पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेचा छोटा चिमटा लावतात. फ्लॅपसाठी डोळ्यावर एक कडं बसतं. तेव्हा चांगला दाब जाणवतो आणि काही क्षण समोर अंधार होतो. लोक घाबरतात ते इथेच, पण तो अंधार अपेक्षितच असतो. फ्लॅप उचलला की पाण्याखालून बघितल्यासारखं धूसर दिसतं. मग समोरच्या लुकलुकत्या दिव्याकडे बघत राहायचं. टकटक आवाज येतो, केस जळाल्यासारखा वास येतो. हे सहसा अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं.

डोळा हलला तर यंत्रातला ट्रॅकर त्याच्या मागे जातो आणि फार हलला तर लेसर आपोआप थांबतो. स्माइलमध्ये डोळा सक्शनने धरलेला असतो, तिथे काही सेकंद अगदी शांत राहणं जास्त गरजेचं. दोन्ही डोळे मिळून वीस-तीस मिनिटांत तुम्ही बाहेर येता. लॅसिक किंवा स्माइलनंतर चार-सहा तास चुरचुरतं, पाणी येतं. झोप काढणं उत्तम.

कामावर कधी जाता येतं? लग्न ठरलंय, चालेल का?

लॅसिक आणि स्माइलनंतर बहुतेक जण दोन-तीन दिवसांत कामावर जातात. पीआरकेनंतर आठवडा हाताशी ठेवा. स्क्रीनपुढे बसायला बंदी नाही, पण पापण्या मिटत राहा आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब वेळेवर घाला. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणून आठवडाभर केस मानेमागे करून दुसऱ्याकडून धुवून घ्या. काजळ-आयलायनर दोन आठवडे बंद, पोहणं महिनाभर बंद. दुचाकीवर धुळीचा गॉगल हवाच. रंगपंचमी जवळ असेल तर तारीख पुढे ढकला. आणि डोळे चोळू नका. झोपेत हात जातो म्हणून रात्री लावायला ढाली देतात, त्या कंटाळा न करता लावा.

लग्नासाठी किमान दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवा. हळद, धूर, मेकअप आणि जागरण या सगळ्यांतून ताज्या शस्त्रक्रियेचा डोळा नेऊ नये. "मुलीचं पुढच्या आठवड्यात करून द्या, साखरपुडा आहे" असं म्हणणाऱ्या आईंना मी नेहमी हात जोडून थांबवतो. पीआरके असेल तर स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे चालतात. ते सांगितले तितकेच घालायचे. संपले म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने पुन्हा आणायचे नाहीत, कारण त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो.

धोके काय आहेत? खरं सांगा.

नजर जाण्याइतकं गंभीर काही होणं फार दुर्मीळ. पण "काहीच त्रास नाही" हेही खरं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाने, तिथली राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि संरक्षण खातं यांच्याबरोबर लॅसिकच्या पेशंटना थेट प्रश्न विचारून अभ्यास केला. आधी असा काही त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनंतर दिव्यांभोवती वलयं, चकाकी, दुहेरी कडा यांपैकी काहीतरी नव्याने दिसत असल्याचं सांगितलं. आधी डोळे कोरडे नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवत होता. या दिसण्यातल्या त्रासामुळे रोजच्या कामांत फार अडचण येणारे मात्र १ टक्क्याहून कमी.

हे आकडे घाबरवायला देत नाही. रात्री एक्स्प्रेस-वेवर गाडी चालवणाऱ्याला समोरच्या दिव्यांना फाटे फुटलेले दिसणं म्हणजे काय, हे आधीच माहीत असावं, म्हणून देतो. बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं. कोरडेपणाचं कारण असं, की कॉर्नियातल्या ज्या नसा अश्रूंचा इशारा देतात त्या कापल्या जातात आणि परत जुळायला महिने लागतात.

क्वचित जंतुसंसर्ग होतो, फ्लॅपला सुरकुती पडते, पीआरकेनंतर कॉर्नियावर धूसरपणा येतो. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे एक्टेशिया, पातळ झालेला कॉर्निया पुढे फुगत जाणं. हे टाळायचं मुख्य साधन आधीची तपासणी. दुखणं वाढत गेलं, डोळा लालबुंद झाला किंवा नजर कमी झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

नंबर परत येतो का? आणि चाळिशी?

काही जणांना थोडा नंबर परत येतो, मोठा नंबर असणाऱ्यांमध्ये जास्त. कॉर्निया पुरेसा उरला असेल तर पुन्हा लेसर करता येतं. आधी जपून वापरला असेल तरच ही सोय राहते.

चाळिशीचं वेगळं. वाचायचा चष्मा लागतो तो डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता गेल्यामुळे, कॉर्नियाशी त्याचा संबंध नाही. लेसर केलं तरी चाळिशी येणारच. किंबहुना मायनस दोन-तीनवाले आज चष्मा काढून पेपर वाचतात, ती सोय लेसरनंतर जाते. पंचेचाळिशीचे शिक्षक किंवा टेलर आले तर मी त्यांना हे दोनदा सांगतो. एक डोळा लांबसाठी आणि एक जवळसाठी ठेवायची मोनोव्हिजनची सोय आहे, पण आधी कॉन्टॅक्ट लेन्सवर काही दिवस ती करून बघा.

कॉर्निया पातळ आहे, नंबर मोठा आहे. मग मार्गच नाही?

आहे. आयसीएल म्हणजे डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवायची पातळ लेन्स. कॉर्नियातला भाग काढावा लागत नाही आणि गरज पडली तर लेन्स काढताही येते. पण ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे, खर्चही जास्त. चष्मा चालू ठेवणं हाही मार्गच आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

खर्च किती येतो?

पुण्या-मुंबईकडे दोन्ही डोळ्यांचा ढोबळ अंदाज असा: पीआरके किंवा ब्लेडचं लॅसिक ३० ते ५० हजार, फेम्टो किंवा कॉन्टूरा ७० हजार ते १ लाख, स्माइल आणि तशा पद्धती १ ते दीड लाख. आयसीएल त्याहून वर, दीड लाखापासून पुढे. सिलिंड्रिकल नंबरासाठी टोरिक लेन्स लागली तर आणखी. लहान शहरांत आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत बरंच कमी पडू शकतं. ट्रस्टचं आहे म्हणून तपासणी दुय्यम असेल असं समजू नका. तिथे पेशंटची संख्या मोठी असते आणि सर्जनचा हात बसलेला असतो.

फेम्टो आणि स्माइल महाग असण्याचं एक साधं कारण म्हणजे यंत्राची किंमत आणि दर डोळ्याला लागणारा, एकदाच वापरायचा संच.

जाहिरातीत तर '१५ हजारांत लॅसिक' लिहिलंय.

आधी बघा, तो दर एका डोळ्याचा आहे का. मग विचारा: किती नंबरापर्यंत? सिलिंड्रिकल धरून का? तपासणी, औषधं, गॉगल, वर्षभराच्या फेऱ्या यात आल्या का? ब्लेड असेल तर माझ्यासाठी नवीन का? नंबर उरला तर पुन्हा लेसरचे पैसे लागतील का? सगळी उत्तरं एका कागदावर लेखी घ्या. "आजच बुक केलं तर सूट" असं कुणी म्हणालं तर उठून घरी या. तपासणीचा रिपोर्ट हातात येण्याआधी आगाऊ रक्कम भरू नका. आणि रिपोर्टची प्रत मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला ती लागते.

मेडिक्लेममध्ये बसतं का?

विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये पंधराव्या क्रमांकाला हे आहे: ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी दृष्टिदोष सुधारण्याचा खर्च मिळत नाही. म्हणजे मायनस ४ वाल्याला वैयक्तिक पॉलिसीतून पैसे मिळण्याची आशा नको. नंबर ७.५ किंवा जास्त असेल तर दावा करता येतो, तोही पॉलिसीच्या बाकी अटी पाळून. नंबर आधीपासूनच असल्याने तो आधीचा आजार धरला जाऊ शकतो आणि त्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा लागू शकते. २४ तास दाखल राहण्याची अट डे-केअर शस्त्रक्रियेला नसते.

नोकरीतल्या गट-विम्याच्या अटी वेगळ्या असू शकतात. एचआरला तोंडी विचारू नका, पॉलिसीतलं नेमकं कलम ईमेलने मागवा. शस्त्रक्रियेआधी पूर्वमंजुरी घ्या आणि नंबराचा तारीख-सहीचा कागद जोडा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे कार्यालय आहे, फी लागत नाही. एक करू नका: नंबर वाढवून लिहून द्या, असं रुग्णालयाला सांगू नका. तो विम्याचा गैरव्यवहार आहे, आणि तुमच्या डोळ्याची खोटी नोंद कायमची राहते.

'नो-कॉस्ट ईएमआय' घ्यावा का?

हिशेब करून. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच म्हटलं आहे की शून्य टक्के योजनांमध्ये व्याज बऱ्याचदा प्रक्रिया शुल्काच्या नावाने लपलेलं असतं. समजा पॅकेज ९० हजारांचं, बारा हप्ते साडेसात हजारांचे. प्रक्रिया शुल्क २ टक्के म्हणजे १,८००, त्यावर जीएसटी ३२४. आता काउंटरवर विचारा, "एकरकमी दिले तर किती?" ८२ हजार म्हणाले, तर तुमचा 'नो-कॉस्ट' हप्ता १०,१२४ रुपयांना पडला. तेच ९० हजार १५ टक्क्यांनी बँकेकडून वर्षभरासाठी घेतले असते, तर हप्ता ८,१२३ चा आणि व्याज साधारण ७,४८० झालं असतं. शिवाय एकरकमी भरल्यामुळे कर्ज ९० ऐवजी ८२ हजारांचंच लागलं असतं. बँकेचं शुल्क धरूनही ते स्वस्त.

कर्ज देणाऱ्याने तुम्हाला मुख्य अटींचा तक्ता द्यायचा असतो, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. तपासणीत 'नाही' आलं तर कर्ज रद्द कसं होणार, तेही आधी विचारा. माझं मत विचाराल तर ही शस्त्रक्रिया तातडीची नाही. वर्षभर आवर्ती ठेव भरा आणि तोवर नंबर स्थिर आहे का तेही कळेल. घरात दुसरं कर्ज चालू असताना यासाठी नवं काढणं मला पटत नाही.

प्राप्तिकरात सवलत मिळते का?

आरोग्य विम्याची वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डी) प्रामुख्याने विम्याच्या हप्त्यासाठी आहे, शस्त्रक्रियेच्या बिलासाठी नाही. जुन्या करप्रणालीत विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांचा वैद्यकीय खर्च त्यात मर्यादेपर्यंत येतो, पण लेसर करणाऱ्या वयोगटाला त्याचा उपयोग नाही.

सैन्यात किंवा पोलिसांत जायचंय.

त्या वर्षीची भरतीची जाहिरात आणि वैद्यकीय निकष वाचल्याशिवाय डोळ्याला हात लावू नका. सैन्यदलांच्या निकषांत साधारणपणे अशा अटी असतात: शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांआधी झालेली नसावी, किमान १२ महिने उलटलेले असावेत, उरलेला कॉर्निया (फ्लॅप धरून एकूण) ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावा, आणि डोळ्याच्या लांबीला मर्यादा असते. ४५० ची अट बघा आणि वरचा हिशेब पुन्हा मांडा. एनडीएला बसणारी मुलं विशीच्या आतलीच असतात, त्यांना लेसर करून फायदा नाही, उलट नुकसान. शाखेप्रमाणे आणि पोलीस भरतीत नियम वेगळे असतात. केलेली शस्त्रक्रिया लपवूही नका, नकाशात ती दिसते.

परदेशातून डिसेंबरच्या सुट्टीत येऊन करता येईल का?

येईल, पण आल्या आल्या तपासणी आणि दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रिया ठरवा, म्हणजे पुढच्या फेऱ्यांना वेळ राहतो. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने दाखवणं चुकवायचं नाही. महिन्याने आणि तीन महिन्यांनी तिथल्या डॉक्टरांकडे दाखवायची सोय आधीच करून ठेवा. विमानातल्या कोरड्या हवेसाठी थेंब हाताशी असू द्या.

लेसरनंतर नेत्रदान करता येतं का?

येतं. अशा कॉर्नियाचा पुढचा भाग वापरत नाहीत, पण मागचा पेशींचा थर दुसऱ्याच्या डोळ्यात बसवता येतो. घरच्यांनी नेत्रपेढीला शस्त्रक्रियेबद्दल सांगावं, एवढंच.

कोणते कागद जपून ठेवायचे?

लेसरआधीचा नंबर, आधीचा कॉर्नियाचा नकाशा, किती मायक्रॉन काढले आणि नंतर बसलेला नंबर. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद घरच्या फायलीत. साठीच्या आसपास मोतीबिंदू झाला की डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना सर्जनला हे आकडे उपयोगी पडतात, कारण लेसर केलेल्या कॉर्नियावर नेहमीचं सूत्र चुकतं. डोळ्यातला दाब मोजतानाही सांगा. कॉर्निया पातळ असल्याने दाब असतो त्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. रुग्णालयं अशा नोंदी कायम ठेवत नाहीत, त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशीच प्रती मागा.